'बटण, बटण, बटण': वेबसाइट सगळ्यांना वापरता येते म्हणजे नेमकं काय?

काही वर्षांपूर्वी मी तयार केलेला एक नोंदणीचा फॉर्म आमचे एक अंध सहकारी माझ्या शेजारी बसून भरत होते. त्यांनी टॅब दाबलं. कॉम्प्युटर बोलला, "एडिट, ब्लँक." म्हणजे लिहायची रिकामी चौकट. पुन्हा टॅब. "एडिट, ब्लँक." आणखी दोनदा तेच. मग, "बटण." "बटण." "बटण." ते थांबले आणि म्हणाले, "नाव कुठल्या चौकटीत लिहायचं ते सांगा. आणि या तीन बटणांपैकी सगळं पुसून टाकणारं कुठलं तेही सांगा, म्हणजे चुकून त्याला हात लागायला नको."

मला तर सगळं समोर दिसत होतं. प्रत्येक चौकटीच्या डोक्यावर 'नाव', 'फोन', 'जन्मतारीख' असं लिहिलेलं होतं. तीन बटणांवर तीन चित्रं होती: बरोबरची खूण, पेन्सिल आणि कचऱ्याचा डबा. पण ही सगळी माहिती फक्त डोळ्यांसाठी होती. 'नाव' हा शब्द आणि त्याच्या खालची चौकट एकमेकांच्या आहेत, असं मी पानाच्या आत कुठंच लिहिलं नव्हतं. पाहणारा माणूस दोन गोष्टी जवळजवळ दिसल्या की त्यांचं नातं आपोआप जोडतो. ऐकणाऱ्याला ते कुणीतरी सांगावं लागतं, आणि ते सांगण्याचं काम माझं होतं.

ॲक्सेसिबिलिटी हा शब्द ऐकला की एखादी वेगळी, अवघड, खर्चीक सोय असावी असं वाटतं. मराठीत तिला सुगम्यता किंवा सुलभता म्हणतात. तिचा बराच मोठा भाग मात्र एवढाच आहे: पानावर जे दिसतं, ते पानाच्या आतही खरंखुरं लिहिलेलं असावं.

पानाच्या आतलं पान

वेबपान आपल्याला रंगवलेल्या चित्रासारखं दिसतं, पण ब्राउझरकडे ते एचटीएमएल नावाच्या मजकुराच्या रूपात येतं. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही लिंक, हे बटण, अशा खुणा त्या मजकुरात असतात. ब्राउझर त्यावरून डोळ्यांसाठी चित्र उभं करतो आणि त्याच वेळी स्क्रीन रीडरसारख्या साधनांसाठी पानाची एक वेगळी यादी तयार करतो. त्या यादीतल्या प्रत्येक वस्तूबद्दल मुख्यतः तीन प्रश्नांची उत्तरं लागतात. हे काय आहे? त्याचं नाव काय? आत्ता ते कुठल्या अवस्थेत आहे? नीट लिहिलेल्या पानावर ऐकू येतं, "अटी मान्य आहेत, चेकबॉक्स, निवडलेला नाही." तिन्ही उत्तरं मिळाली. माझ्या फॉर्ममधल्या बटणांनी फक्त पहिल्याचं उत्तर दिलं होतं. बटण आहे. कसलं, ते नाही.

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारं किंवा ब्रेल यंत्रावर उमटवणारं सॉफ्टवेअर. विंडोजवर जॉज आणि एनव्हीडीए, ॲपलच्या उपकरणांत व्हॉइसओव्हर, अँड्रॉइडवर टॉकबॅक ही त्यांतली प्रमुख नावं. एनव्हीडीए ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टे या दोन अंध तरुणांच्या कामातून उभं राहिलं. करन यांनी २००६ मध्ये ते लिहायला घेतलं, कारण तेव्हा विंडोजवर चांगला स्क्रीन रीडर हवा असेल तर भरपूर पैसे मोजावे लागत. एनव्हीडीए आजही मोफत मिळतं. मी वेबसाइट करणाऱ्या प्रत्येकाला ते उतरवून घ्यायला सांगतो.

सरावलेला माणूस स्क्रीन रीडर किती वेगानं ऐकतो, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही. नवख्याला एक शब्दही कळत नाही. तरीही कुणी पान पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ऐकत बसत नाही. आपण जशी पानावरून नजर फिरवतो, तसे ते शीर्षकांवरून उड्या मारतात. विंडोजवरच्या स्क्रीन रीडरमध्ये एच दाबलं की पुढचं शीर्षक येतं, टी दाबलं की पुढचा तक्ता. पानावरच्या सगळ्या लिंकची यादीही एका फटक्यात समोर घेता येते.

म्हणूनच शीर्षक फक्त मोठं आणि ठळक करून भागत नाही. एचटीएमएलमध्ये त्याला शीर्षक म्हटलेलं नसेल, तर एच दाबणाऱ्या माणसासाठी पानावर एकही शीर्षक नसतं. आहे तो सलग मजकुराचा ढीग. लिंकचंही तसंच. पानावर दहा ठिकाणी 'येथे क्लिक करा' लिहिलं असेल, तर लिंकच्या यादीत 'येथे क्लिक करा' दहा वेळा ऐकू येतं आणि कुठली लिंक कुठं नेते याचा काही पत्ता लागत नाही. 'प्रवेशाचे नियम वाचा' असं लिहायला पैसे पडत नाहीत.

चित्राला शब्द देणं

प्रत्येक चित्राला मागच्या बाजूनं मजकूर जोडता येतो. त्याला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. तो जोडलाच नाही, तर स्क्रीन रीडर पुष्कळदा फाइलचं नाव वाचायला लागतो: "आय एम जी अंडरस्कोर दोन शून्य..." असं लांबलचक.

यात खरी मेख आहे ती काय लिहायचं याची, आणि त्यासाठी डोकं चालवावं लागतं. चित्र तिथं कशासाठी ठेवलंय, हे आधी स्वतःला विचारायचं. तोच एक भिंगाचा फोटो बटणावर असेल तर त्याचा मजकूर 'शोधा', आणि भिंगांच्या माहितीच्या लेखात असेल तर 'लाकडी मुठीचं बहिर्वक्र भिंग'. आलेख असेल तर 'आलेख' एवढंच लिहिणं म्हणजे पाकीट देऊन पत्र काढून घेणं. आलेख काय सांगतो ते लिहायला हवं. आणि चित्र निव्वळ शोभेचं असेल तर ऑल्ट मुद्दाम रिकामा ठेवायचा, म्हणजे स्क्रीन रीडर त्याला ओलांडून पुढं जातो. रिकामा ठेवणं आणि अजिबात न लिहिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'हे वगळ' असं सांगणं आणि काहीच न सांगणं, यात जेवढा फरक तेवढा.

मराठी पानांचं एक स्वतंत्र दुखणं आहे. पान कुठल्या भाषेत आहे हे एचटीएमएलच्या सुरुवातीला एका शब्दात लिहायचं असतं. पुष्कळ मराठी पानं इंग्रजी साच्यावरून उचललेली असल्यानं तिथं 'इंग्रजी' तसंच राहून जातं. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात देवनागरी वाचायचा प्रयत्न करू शकतो. कधी उच्चारांची खिचडी होते, कधी नुसती शांतता. त्याहून वाईट म्हणजे जुने, युनिकोड नसलेले फाँट. त्यांत डोळ्यांना 'अर्ज' दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. ऐकणाऱ्याला अर्थहीन आवाज ऐकू येतात. स्कॅन केलेली पीडीएफ त्याच जातीची: पानाचा तो फक्त फोटो असतो, त्यात ऐकण्यासारखं अक्षरसुद्धा नसतं. ज्या माणसासाठी ती सूचना काढली, त्याच्यापर्यंत ती पोचलेलीच नाही.

कमी दिसणं, रंग न कळणं

पूर्ण अंध असलेल्यांपेक्षा अंधुक दिसणारे, वयानुसार नजर उतरलेले लोक कितीतरी जास्त आहेत. त्यांना पान मोठं करावं लागतं. अक्षरं दुप्पट केली तरी काही झाकलं जाऊ नये, काही कापलं जाऊ नये, अशी अपेक्षा असते. फोनवर दोन बोटांनी पान मोठं करणं मुद्दाम बंद करून ठेवणाऱ्या वेबसाइट मी पाहिल्या आहेत. मांडणी बिघडू नये म्हणून वाचणाऱ्याचा चष्मा काढून घेण्यातला हा प्रकार, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

मग अक्षराचा रंग आणि मागचा रंग. दोहोंच्या उजेडातला फरक मोजता येतो. पांढऱ्यावर काळं हे २१ ला १, म्हणजे सर्वात जास्त. साध्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ लागतं. वेबवर प्रत्येक रंगाला सहा अक्षरांचा कोड असतो; पांढऱ्यावरचा ७७७७७७ हा राखाडी रंग ४.४८ वर अडतो आणि त्याहून केसभर गडद ७६७६७६ हा ४.५४ नं पास होतो. डोळ्यांना या दोहोंत फरक जाणवणार नाही. आकडा कुठंतरी आखावा लागतो म्हणून तो तिथं आखला आहे. पण सध्या सर्रास दिसणारा फिकट राखाडी मजकूर या रेषेच्या फार खाली असतो. देवनागरीत त्याचा फटका जास्त बसतो असं माझं मत आहे. आपली अर्धी अक्षरं मात्रा, रफार आणि अनुस्वाराच्या टिंबावर चालतात. ते टिंब फिकट झालं की 'खंत' आणि 'खत' सारखंच.

रंगांतला फरक न कळणारे लोकही आपल्याला वाटतात त्याहून जास्त आहेत. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे १२ मागे १ आहे. 'लाल चौकटी भरणं आवश्यक' असं लिहिलं की त्यांची पंचाईत होते. लाल असू द्या, पण सोबत चौकटीजवळ 'आवश्यक' असं शब्दांतही लिहा.

माउस नसेल तर?

हात कापणारे, सेरेब्रल पाल्सी असलेले, मणक्याला इजा झालेले कितीतरी लोक माउस वापरू शकत नाहीत. कुणी कीबोर्डनं काम करतं, कुणी तोंडात धरलेल्या काडीनं, कुणी डोक्याजवळ बसवलेल्या एकाच बटणानं, कुणी आवाजानं. यांतली बरीच साधनं वेबपानाशी बोलताना कीबोर्डचीच भाषा बोलतात. त्यामुळे कीबोर्डवर पान चाललं, तर फार मोठी वाट मोकळी होते.

इथं एक छोटी वस्तू जवळून पाहण्यासारखी आहे. एचटीएमएलमध्ये 'बटण' नावाची तयार वस्तू मिळते. ती वापरली की टॅबनं तिच्यावर पोचता येतं, एंटर आणि स्पेसनं ती दाबता येते, आणि स्क्रीन रीडर तिला बटण म्हणतो. हे सगळं फुकट. तरी अनेकजण एक साधा चौकोन घेतात, त्याला बटणासारखा रंग देतात आणि माउसचा क्लिक जोडतात. दिसायला हुबेहूब, पण टॅब त्याला ओलांडून जातं. कीबोर्ड वापरणाऱ्याला ते बटण समोर दिसतं आणि दाबता मात्र येत नाही. अशा नकली बटणाला एरिया नावाच्या जादा खुणा लावून ठिगळ जोडता येतं, पण एरिया वापरण्याच्या सूचनांतच पहिला सल्ला असा आहे की तयार वस्तू मिळत असेल तर तीच वापरा.

टॅब दाबत जाताना आपण कुठं आहोत हे दाखवणारी एक बारीक चौकट बटणाभोवती उमटते. ती 'डिझाइनमध्ये बसत नाही' म्हणून एका ओळीनं काढून टाकतात. माउस वापरणाऱ्याच्या पडद्यावरचा बाण गायब केला तर तो काय करील? तेच इथं होतं. चौकट आवडत नसेल तर हवी तशी सुंदर करा, पण ठेवा.

बोटांनी दाबायच्या गोष्टी फार लहान नसाव्यात. वेबच्या सुगम्यतेच्या २०२३ च्या नियमांत किमान २४ बाय २४ पिक्सेल किंवा तेवढी मोकळी जागा मागितली आहे. शिवाय घड्याळ लावून ठेवलेले फॉर्म. एकेक अक्षर एका बटणानं निवडणाऱ्या माणसाला पाच मिनिटांत पान बंद झाल्याची सूचना येते आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. मुदत वाढवून घेण्याची सोय असलीच पाहिजे.

ऐकू न येणं, झगमगाट, गोंधळ

कर्णबधिर लोकांसाठी व्हिडिओला कॅप्शन लागतात, आणि कॅप्शनमध्ये बोलण्याबरोबर 'दार आपटल्याचा आवाज'सारख्या गोष्टीही याव्या लागतात. आपोआप तयार होणारी कॅप्शन हा कच्चा मसुदा समजावा. नावं, आकडे आणि 'नाही' हा शब्द त्यात हमखास घसरतो. एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते आणि लिहिलेली भाषा त्यांनी नंतर शिकलेली असते. त्यांच्यासाठी सोपी वाक्यं हीसुद्धा ॲक्सेसिबिलिटीच.

एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारं काहीही पानावर नको. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी टीव्हीवरच्या एका कार्टूनमध्ये लाल-निळा प्रकाश भराभर लखलखला आणि सहाशेहून जास्त प्रेक्षकांना, बहुतेक मुलांना, दवाखान्यात न्यावं लागलं. काहींना फिट आली होती.

वाचनात अडचण असणारे, लक्ष चटकन विचलित होणारे, स्मरणशक्ती कमी झालेले लोक यांच्याबद्दल सर्वात कमी बोललं जातं. आपोआप सरकत राहणाऱ्या पट्ट्या त्यांना मजकूर वाचूच देत नाहीत. पाच सेकंदांहून जास्त काळ हलणाऱ्या गोष्टीला थांबवायचं बटण हवं. पासवर्डच्या चौकटीत 'पेस्ट' बंद करू नये. वाकडीतिकडी अक्षरं ओळखा, कोडं सोडवा, असा एकमेव दरवाजा ठेवू नये.

नियम कुठून आले

वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्शियम ही संस्था वेबची मानकं ठरवते. तिच्या ॲक्सेसिबिलिटीच्या मार्गदर्शक तत्त्वांना डब्ल्यूसीएजी म्हणतात. पहिली आवृत्ती मे १९९९ मध्ये आली, दुसरी डिसेंबर २००८ मध्ये, नंतर २.१ ही २०१८ मध्ये आणि २.२ ही ऑक्टोबर २०२३ मध्ये. ए, डबल ए आणि ट्रिपल ए अशा तीन पातळ्या आहेत. कायदे आणि सरकारी नियम साधारणपणे डबल ए मागतात. वर दिलेले बहुतेक आकडे त्यांतलेच.

पहिली आवृत्ती आली त्याच सुमारास, जून १९९९ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या ब्रूस मॅग्वायर या अंध गृहस्थांनी सिडनी ऑलिंपिकच्या वेबसाइटविरुद्ध मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. त्यांचं मागणं ऐकण्यासारखं आहे, कारण ते अगदी साधं होतं: चित्रांना आणि चित्रांतल्या लिंकना मजकूर द्या, वेळापत्रकाच्या पानावरून खेळांच्या यादीवर जाता येऊ द्या, निकालांचे तक्ते वाचता येतील असे करा. आयोजकांचं म्हणणं पडलं की या कामाला एका माणसाला वर्षाहून जास्त दिवस लागतील. तज्ज्ञांनी साक्ष दिली की अनुभवी मंडळींना चार आठवडे पुरे. ऑगस्ट २००० मध्ये आयोगानं मॅग्वायर यांच्या बाजूनं निर्णय दिला. खेळ संपले तरी वेबसाइट पुरती दुरुस्त झाली नव्हती, आणि आयोजकांवर २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई बसली. त्या पैशांनी मॅग्वायर यांना खेळांचे निकाल वाचता आले नाहीत ते नाहीतच.

या प्रकरणातून मला एक गोष्ट कायमची कळली. ऑल्टचा मजकूर चित्र चढवतानाच लिहिला, तर अर्ध्या मिनिटाचं काम. हजारो चित्रं चढवून झाल्यावर ते डोंगराएवढं दिसतं, आणि मग 'परवडत नाही' हे वाक्य येतं.

आज दुरुस्तीचा जवळचा रस्ता म्हणून एक ओळीचा कोड विकला जातो. तो टाकला की पानाच्या कोपऱ्यात एक चिन्ह येतं आणि वेबसाइट आपोआप सुलभ होते, असा दावा. अंध वापरकर्त्यांनी यावर वारंवार तक्रारी केल्या आहेत, कारण ते साधन पुष्कळदा त्यांच्या स्क्रीन रीडरच्या आड येतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२५ मध्ये अशा एका कंपनीला फसव्या दाव्यांबद्दल १० लाख डॉलर भरायला लावले.

तपासणीची साधनं मात्र जरूर वापरावीत. वेव्ह आणि लाइटहाउस मोफत आहेत. वेबएम या संस्थेनं २०२४ मध्ये १० लाख वेबसाइटची मुखपृष्ठं अशाच साधनानं तपासली, तर ९५.९ टक्के पानांवर दोष सापडले. ८१ टक्के पानांवर मजकूर फिकट होता. पण साधनाची नजर मर्यादित असते. ऑल्ट आहे की नाही हे त्याला कळतं. कुत्र्याच्या फोटोला 'मांजर' लिहिलंय हे कळत नाही.

ॲक्सेसिबिलिटीचा फायदा सगळ्यांनाच होतो, हात मोडलेल्याला, उन्हात फोन पाहणाऱ्यालाही, असं पटवून सांगायची पद्धत आहे. ते खरं आहे. पण मला तो युक्तिवाद आधी मांडायला आवडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात सुमारे १३० कोटी लोक, म्हणजे सहांतला एक माणूस, लक्षणीय अपंगत्वासह जगतो. त्याला फॉर्म भरता यायला हवा, एवढं कारण पुरेसं आहे.

तो माझा फॉर्म मी त्याच आठवड्यात दुरुस्त केला. चौकटींना त्यांची नावं जोडली, बटणांना 'पाठवा', 'बदला', 'सगळं पुसा' असे शब्द दिले. तपासणीच्या साधनानं एकही दोष दाखवला नाही. सहकाऱ्यांना पुन्हा बोलावलं. "नाव, एडिट, ब्लँक." त्यांनी नाव लिहिलं, फोन लिहिला आणि जन्मतारखेवर येऊन थांबले. तारीख कॅलेंडरमधूनच निवडायची होती, आणि कॅलेंडर चालू महिन्यावर उघडत होतं. मागच्या महिन्याचं बटण त्यांना बरोबर ऐकू येत होतं. ते त्यांनी दाबलं, परत दाबलं, आणि मग मला म्हणाले, "माझा जन्म १९७१ चा. मी सहाशे वेळा हे दाबू का? तारीख टाइप करू द्या ना."